पडद्याच्या रंगातली अक्षरं

जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीच्या शेजारी, पडद्याच्या कापडाचा एक तुकडा बरेच दिवस पडून होता. तळहाताएवढा. त्याचा रंग नेमका सांगणं मला जमणार नाही. करड्याला हिरवट झाक म्हणावी की हिरव्यावर राख सांडली म्हणावं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सूनबाई त्याला 'धुक्यातली झाडी' म्हणायची. माझा मुलगा त्याला 'तो कळकट तुकडा' म्हणायचा, पण रंगांच्या बाबतीत त्याचं मत आमच्या घरी कोणी धरत नाही. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. टोमॅटो पिकलाय की कच्चा आहे, हे तो दाबून बघतो.

तुकडा आला होता सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचनकक्षातून. ग्रंथालयाची नवी वेबसाइट करायचं काम सूनबाईला मिळालं होतं, आणि ग्रंथालय समितीच्या अध्यक्षबाईंनी पहिल्याच भेटीत तो पर्समधून काढून तिच्या हातावर ठेवला होता.

"आमच्या वाचनकक्षात पाऊल टाकलं की माणूस आपोआप शांत होतो," त्या म्हणाल्या होत्या. "वेबसाइट उघडली की तसंच वाटलं पाहिजे. हा तिथला पडदा. याच रंगात सगळं करा."

हे सूनबाईचं स्वतःचं पहिलं काम. त्याआधी ती एका मोठ्या ऑफिसात होती. तिथे वेबसाइटचे रंग साहेब ठरवायचे आणि ही भरायची. "लहान मुलांच्या चित्रवहीसारखं," ती म्हणायची, "रेषेबाहेर गेलं की ओरडा." एक दिवस ती रेषेबाहेर गेली ती गेलीच. नोकरी सोडली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. शनिवारी समितीची बैठक होती. तिथे वेबसाइट पसंत पडली तर ग्रंथालयाच्या सगळ्या शाखांचं काम तिच्याकडे येणार होतं, आणि टेबलावर मांडलेल्या संसाराला धंदा म्हणता आलं असतं. नाही पडली, तर जुन्या साहेबांचा निरोप येऊन बसलाच होता: जागा अजून रिकामी आहे, सोमवारी कळवा. हा निरोप तिने आम्हाला हसत हसत सांगितला, आणि सांगून झाल्यावर धुतलेलाच कप पुन्हा धूत उभी राहिली.

या कामाला माझाही हात लागला होता, म्हणजे लागू नये असं वाटत असताना लागला होता. मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं आणि चुका काढायच्या. स्वतः लिहायची वेळ कधी आली नाही. आली असती तर मी आजारी पडलो असतो. पण वेबसाइटसाठी ग्रंथालयाची माहिती आणि नियम कोणीतरी लिहून द्यायला हवे होते.

"बाबा, तुम्ही तिथे रोज जाता," सूनबाई म्हणाली. "तुमच्याइतकं ते ग्रंथालय कोणाला माहीत आहे?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून 'बरं' बाहेर पडलं. माझं नेहमी असंच होतं. मग ते एक पान मी इतक्यांदा लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

सूनबाईने पहिल्यांदा केलेलं पान चांगलं होतं, असं आता वाटतं. पांढऱ्यावर दाट करडी अक्षरं. अध्यक्षबाईंनी ते बघून कळवलं, छान आहे, पण थोडं सौम्य करा. तिने केलं. अजून थोडं. तिने केलं. पडद्याच्या जवळ आलंय, पण आणखी किंचित. असं बोटबोट सरकत ते पान पडद्याकडे चाललं होतं. दर वेळी सूनबाई लॅपटॉप माझ्याकडे फिरवायची.

"बाबा, दिसतंय ना?"

मी चष्मा सरळ करून पान पहिल्यापासून शेवटपर्यंत खडाखडा वाचून दाखवायचो. "दिसतंय की."

"नक्की? माझं मन राखायला नाही ना?"

"नाही गं."

"बस्स! तुमच्या डोळ्यांखालून जन्मभर अक्षरं गेलीत. तुम्हाला दिसतं तर जगाला दिसेल."

हे ऐकून मला फार बरं वाटायचं. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत माझ्यावर कोणी इतकं विसंबल्याचं मला आठवत नाही.

गुरुवारी सकाळी तिने पुन्हा लॅपटॉप फिरवला. आज ती जरा जास्तच गंभीर दिसत होती. खालचा ओठ दाताखाली धरलेला.

"शेवटची तपासणी. सगळं वाचा, बाबा. मोठ्याने."

मी वाचू लागलो. "ग्रंथालय सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळेत वाचकांसाठी खुले असते. एका वेळी तीन पुस्तके घरी नेता येतात. पुस्तके जपून हाताळावीत. पानांचे कोपरे दुमडू नयेत, खुणेसाठी कागदाची पट्टी वापरावी. वाचनकक्षात..."

"थांबा. मागची ओळ."

"पानांचे कोपरे दुमडू नयेत, खुणेसाठी कागदाची पट्टी वापरावी."

दाताखालचा ओठ सुटला. "परत वाचा."

मी परत वाचलं. आता बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करून. काही राहून गेलं असेल तर ते माझ्याकडूनच, अशी माझी खात्री होती. "पानांचे... कोपरे... दुमडू नयेत..."

सूनबाईने एक कळ दाबली. अक्षरं एकदम काळीकुळकुळीत झाली. माझं बोट होतं तिथे लिहिलेलं होतं: 'आमचे सासरे पुस्तक परत करताना त्याला हळूच "येतो हं" म्हणतात. कृपया त्यांना हसू नये.'

मी ती ओळ दोनदा वाचली. या वेळी खरंच वाचली.

"हे कधीपासून आहे इथे?"

"कालपासून. तुम्हाला हसवायला टाकलं होतं. मी कधीची वाट बघतेय तुम्ही केव्हा हसता याची."

मी पुस्तकांना तसं म्हणतो, हे खरं आहे. पण ते कोणाच्या कानावर पडत असेल असं मला वाटलं नव्हतं. माझे कान तापले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही वाचत नव्हतात. तुम्ही म्हणत होतात!"

आणि ती जी हसत सुटली ती खुर्चीवरून घसरायचीच बाकी राहिली. मीही हसलो, पण माझं हसू पोटापर्यंत गेलं नाही. मी खोटं बोललो नव्हतो. मला फिक्या ओळी दिसत होत्या. त्या ओळींत काय असायला हवं हे ठाऊक होतं. मधलं सगळं डोळ्यांनी परस्पर भरून घेतलं होतं. छापखान्यात नव्याने आलेल्या पोरांना मी हेच बजावायचो, की पाठ असलेला मजकूर कधी तपासायला घेऊ नका, डोळे लबाडी करतात. पोरं मान डोलवायची. त्यांनी ऐकलं असेल कदाचित. मी ऐकलं नव्हतं.

हसता हसता सूनबाई थांबली. तिच्याही ध्यानात बाकीचं आलं असावं. तिने लॅपटॉप जवळ ओढला. रंग मोजायची एक सोय असते, हे मला तेव्हा कळलं. अक्षरांचा रंग आणि मागचा रंग सांगितला, की दोघांच्या उजेडात किती फरक आहे ते ती आकड्यात सांगते. बारीक अक्षरांना निदान साडेचारास एक इतका फरक लागतो. पहिल्या पानाचा तिने मोजला होता तेव्हा तो भरपूर होता. त्यानंतर मोजायचं सोडून ती मला विचारत राहिली होती. आता आकडा आला तो दोनास एक इतकाही नव्हता.

"मोजायची सोय बाजूला ठेवून सासऱ्यांवर भरवसा ठेवला," ती म्हणाली. "ऑफिसात कळलं तर माझा पुतळा उभारतील."

"असू दे की असंच," मी म्हणालो. "अध्यक्षबाईंना आवडलंय. माझे डोळे म्हातारे झालेत, त्याला कोण काय करणार? इतरांना दिसत असेल."

"बाबा, त्या वाचनकक्षात दुपारी कोण बसतं?"

मी आठवून पाहिलं. "आम्हीच."

"आम्हीच म्हणजे?"

"म्हातारे."

"मग?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

दुपारी माझा मुलगा जेवायला वर आला. तो सुतार आहे. खालच्या मजल्यावर त्याची कार्यशाळा आहे, आणि घरात शिरताना तो आधी भुसा आणतो, मग स्वतः येतो. सूनबाईने त्याला झालेला प्रकार सांगितला, मला पुन्हा एकदा ती ओळ बोट ठेवून वाचायला लावली, आणि नवरा-बायको मिळून हसले.

"म्हणजे माझ्यासाठी एवढी उठाठेव केलीस," तो म्हणाला, "आणि घरातल्या मोठ्या माणसाला विसरलीस!"

उठाठेव तिने केली होती हे खरं. पुस्तक उपलब्ध असेल तर हिरवा ठिपका आणि नसेल तर लाल, अशी ग्रंथालयाची मूळ मागणी होती. तिने ठिपके काढून सरळ 'आहे' आणि 'बाहेर गेले आहे' असे शब्द लिहिले होते. दाबायच्या जागा नुसत्या रंगाने न दाखवता त्यांच्याखाली रेघ ओढली होती. लग्नाआधी याने तिला हिरवळीच्या रंगाची म्हणून एक शाल भेट दिली होती. ती स्वच्छ तपकिरी होती. तेव्हापासून रंगाच्या एकट्याच्या शब्दावर तिचा विश्वास नाही.

"आता काय करू ते सांग," ती म्हणाली. "बाईंना हा पडदाच हवा आहे. अक्षरं गडद केली की म्हणतील, तुम्ही आमची शांतता घालवली."

मुलाने तोंडातला घास आधी गिळला, मग तो तुकडा उचलून उजेडात धरला. "पडदा कुठे असतो?"

"खिडकीत."

"मागे असतो," तो म्हणाला. "पडद्यावर वाचत कोण बसतं? त्याच्या पुढे बसून वाचतात. तू पडद्याचीच अक्षरं केलीस. त्याला मागे टांग, आणि पुढे दुसरं काहीतरी ठेव."

"काय ठेवू?"

"त्या खोलीत पडद्याशिवाय काय आहे?"

"कपाटं," मी म्हणालो. एवढं मला खात्रीने सांगता येत होतं. "जुन्या लाकडाची. काळपट."

तो हात न धुता खाली गेला आणि लाकडाचं एक फळकूट घेऊन आला. फिकं, कोरडं होतं. "हे तसंच लाकूड," तो म्हणाला. सूनबाईने नाक मुरडलं. मग त्याने पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून फळकुटावर ओढलं. बोट गेलं तिथे लाकूड गडद झालं, आत खोल कुठेतरी तांबूस. ती ओली रेघ त्याने पडद्याच्या तुकड्यावर टेकवली.

आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. रेघ लांबून दिसत होती आणि तुकडा होता तितकाच शांत होता.

"लाल आहे का रे हा थोडा?" त्याने बायकोला विचारलं.

"आहे."

"मला नाही दिसत. पण गडद आहे एवढं मलाही दिसतंय."

"तेवढंच हवं होतं," ती म्हणाली आणि तिने भुशासकट त्याच्या गालाला हात लावला. मी मीठदाणीकडे बघू लागलो.

त्यानंतरचा दीड दिवस आमच्या घरात जत्रा होती. सूनबाई रंग तयार करायची, आकडा बघायची, आणि मग माझी परीक्षा घ्यायची. पण आता माझ्या पानावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. घरात सापडेल ते ती टाइप करायची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं, कपडे धुवायच्या मशिनबरोबर आलेल्या कागदावरचं, मुलाच्या डिंकाच्या डब्यावरचं. मी लॅपटॉपपुढे बसून मोठ्याने वाचायचो.

"वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी."

"पुढे."

"लोकरीचे कपडे... पिळू नयेत. डोळ्यांत गेल्यास... भरपूर पाण्याने धुवावे."

"वा! आता हे फोनवर. खिडकीत उभे राहा. उन्हात."

"डबा... उघडा... उघडा ठेवू नये." उन्हात मी अडखळलो. पूर्वी असतं तर रेटून पुढे गेलो असतो. आता मात्र मी म्हणालो, "इथे नीट दिसत नाही," आणि तिला इतका आनंद झाला की जणू मी परीक्षेत पहिला आलो. मला गंमत वाटली. न दिसण्याबद्दल शाबासकी मिळते हे मला नवीन होतं. मग मी जरा सोकावलोच. हे टोचतं, ते विरतं, ही रेघ अक्षराला चिकटते. शेवटी मुलगा खालून ओरडला, "बाबांना आवरा कोणीतरी!"

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रंग ठरला. पडदा मागे, आणखी थोडा उजळ करून. अक्षरं ओल्या लाकडाची. आकडा साडेचारच्या कितीतरी वर गेला होता.

शनिवारी दुपारी सूनबाई आणि मी ग्रंथालयात गेलो. बैठक वाचनकक्षाला लागून असलेल्या खोलीत होती. लांब टेबल, भिंतीवर एक मोठा स्क्रीन, आणि खिडकीला तोच पडदा. समितीत चार-पाच जण होते. त्यांतले एक दातांचे डॉक्टर, एक संगीतशिक्षिका. मला टेबलाशी बसा म्हणाले, पण मी दाराजवळची खुर्ची धरली. मजकूर लिहिणाऱ्याने टेबलाशी बसायचं काय कारण?

सूनबाईने पान स्क्रीनवर लावलं. अध्यक्षबाई उंच, ताठ, वयाने माझ्याच आसपासच्या. त्यांनी पान पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, मग सूनबाईकडे.

"हा मी मंजूर केलेला रंग नव्हे."

"नाही, बाई. मी बदलला. तुमचा पडदा मागे आहे, पण अक्षरं गडद केली. आधीच्या पानात दोघांत फरकच उरला नव्हता. साडेचारास एक लागतो, तो दोनास..."

"ते गुणोत्तर राहू दे. आधीचं दाखवा."

सूनबाईने आधीचं लावलं. खोलीत खरोखर शांतता पसरली. धुकं होतं, झाडी होती. बाईंचा चेहरा निवळला.

"यात काय वाईट आहे?"

"ते वाचता येत नाही," सूनबाई म्हणाली.

"कोणाला?"

तिला माझं नाव घेता आलं असतं. तिने घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी मान खाली घातली असती. अध्यक्षबाई टेबलाभोवती बसलेल्यांकडे वळल्या.

"डॉक्टर, मी तुम्हाला पाठवलं होतं. तुम्हाला दिसलं ना?"

"हो, हो," डॉक्टर म्हणाले. "छानच होतं."

"आणि तुम्हाला?"

"फारच सुंदर!" संगीतशिक्षिका म्हणाल्या. "किती मोकळं मोकळं!"

"मग?" अध्यक्षबाई सूनबाईला म्हणाल्या. "कोणाला दिसत नाही, ते तर कळू दे."

सूनबाईचा हात लॅपटॉपवर तसाच होता. तिच्या अंगठ्याला औषधाच्या बाटलीचं लेबल अजून थोडं चिकटलेलं होतं. मला वाटलं, ही आता सोमवारी ऑफिसात जाईल आणि तिथे रेषेच्या आत रंग भरेल. मी उठलो. खुर्ची फरशीवर एवढी करकरली की सगळे वळले, आणि आता परत बसायची सोय राहिली नाही.

"मला," मी म्हणालो.

"काय?"

"मला दिसत नाही. म्हणजे ते मीच लिहिलंय, त्यामुळे मला वाटलं होतं की दिसतं. मी हिला रोज वाचून दाखवत होतो. पण ते मी पाठ म्हणत होतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. तिने मधे एक वेगळी ओळ टाकली, तीही मला दिसली नाही. दोष माझ्या डोळ्यांचा असेल. बहुतेक आहेच. पण इथे येणाऱ्या पुष्कळ जणांचे डोळे माझ्यासारखेच आहेत. एवढंच."

इतकं लांब मी लोकांपुढे कधी बोललो नव्हतो. मग डॉक्टरांनी खाकरून घेतलं.

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "मी फोन दुरुस्तीला टाकला होता."

"फोनचा काय संबंध?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मला वाटलं, त्याची स्क्रीन गेली. दुकानदार म्हणाला, फोन ठणठणीत आहे. मग मी म्हटलं, असेल काहीतरी नवीन पद्धत."

"अय्या!" संगीतशिक्षिका म्हणाल्या. "मला तर वाटलं, मजकूर अजून यायचाय! म्हणून म्हटलं ना मी, किती मोकळं!"

टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"मी वाचलं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ओळ वाचली. भिंग लावून. दर वेळी नवीन पान आलं की भिंग काढायची आणि बसायची."

"मग बाई, तुम्हाला त्रास नाही झाला?" सूनबाईने हळूच विचारलं.

"झाला ना. पण मला वाटलं, आता वय झालं, आता असंच वाचायचं असतं." त्यांनी पर्स जवळ ओढली. "मला वाटत होतं, मीच एकटी."

आणि मग त्या हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग पर्समधून भिंग काढून टेबलावर आपटून. भिंग चांगलं बशीएवढं होतं. डॉक्टर तर डोळे पुसायला लागले.

"लावा ते दुसरं," बाई म्हणाल्या.

नवं पान आलं. बाई खुर्चीत मागे रेलल्या, भिंगावर हात ठेवून, पण ते न उचलता. "ग्रंथालय सकाळी नऊ ते संध्याकाळी सात," त्यांनी वाचलं. "या वेळेत वाचकांसाठी खुले असते. एका वेळी तीन पुस्तके..." त्यांचा आवाज चढत गेला. पानांच्या कोपऱ्यांपर्यंत येईस्तोवर तो इतका चढला होता की वाचनकक्षातून एका आजोबांनी दारात डोकं घालून "शूऽऽ" केलं. बाईंनी त्यांनाही आत बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवून वाचायला लावलं. त्यांनी दोन ओळी वाचल्या, "दिसतं की झकास," म्हणाले आणि आपल्या वर्तमानपत्राकडे परत गेले.

"पडदाही आहे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मागे आहे."

"मागेच असतो, बाई," सूनबाई म्हणाली.

आता सगळेच वाचायला लागले होते. इतके दिवस हातात फक्त धुकं आलेलं, त्यामुळे उपाशी माणसं पंगतीला बसावीत तसे ते माझ्या पानावर बसले. संगीतशिक्षिकेचे ओठ हलत होते. मी पुन्हा दाराशी माझ्या खुर्चीत बसलो आणि थोडा सुखावलो, हे कबूल करायला हवं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "एक मिनिट."

"काय झालं?"

"वर लिहिलंय, ग्रंथालय दर सोमवारी बंद. आणि खाली लिहिलंय, लहान मुलांसाठी गोष्टींचा तास, दर सोमवारी सकाळी."

सगळ्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"म्हणजे पोरांनी काय बंद दाराबाहेर पायरीवर बसून ऐकायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी उभा राहिलो. मग बसलो. गोष्टींचा तास मंगळवारी असतो; मला पक्कं ठाऊक आहे, मी कधी कधी मागच्या रांगेत बसतो. जन्मभर दुसऱ्यांचे सोमवार-मंगळवार तपासले आणि माझ्या एकुलत्या एका पानात हे.

"पण बाई, तुम्ही तर सगळं वाचलं होतंत," संगीतशिक्षिका म्हणाल्या.

"भिंगात एका वेळी एकच ओळ येते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "वरची ओळ खालच्या ओळीला भेटतच नाही. आणि हे बघा, 'कृपया' किती वेळा आहे? या माणसाने दर वाक्याला हात जोडलेत."

"आणि एकदा 'वाचक' आहे, एकदा 'सभासद'," डॉक्टर म्हणाले. त्यांना आता चवच लागली होती. "दोघं वेगळे आहेत का?"

"तेवढं चालेल हो."

"चालेल कसं? दात एक किडला की शेजारचा..."

"डॉक्टर!"

सूनबाई दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती. अध्यक्षबाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि पर्सची क्लिप लावली.

"रंग मंजूर," त्या म्हणाल्या. "शाखांचंही तुम्हीच करा, पुढच्या आठवड्यात बसू. मजकूर मात्र परत."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. सोमवारी जुन्या साहेबांना काय कळवायचं, तो प्रश्न मिटला होता. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं, आणि दोन्हीमध्ये माझ्या नापास होण्याचा वाटा किती हे सांगणं अवघड होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण ते आलंच नाही. माझं एखादं वाक्य इतक्या माणसांनी एकदम, मान लांब करून, भांडत भांडत वाचावं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"बोला," सूनबाईने लॅपटॉप जवळ घेतला. "एकेक जण बोला. मी दुरुस्त करते."

एकेक जण कोणी बोललंच नाही, सगळे एकदमच बोलू लागले. मी दाराजवळची खुर्ची उचलली, या वेळी करकर न करता, आणि टेबलाशी नेऊन त्यांच्यात बसलो.